जगभरातल्या माणसांच्या डॉक्युमेंटरी आणि शॉर्टफिल्म बघायला सुरुवात कशी करायची, नवख्यांसाठी पायरी पायरीने

बरेच जण विचारतात की जगातल्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातल्या माणसांच्या जगण्यावर, त्यांच्या झगड्यावर ज्या डॉक्युमेंटरी आणि शॉर्टफिल्म बनतात त्या बघायची इच्छा तर खूप आहे, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. एखादी लावली तर वीस मिनिटांत कंटाळा येतो, नाहीतर इतकं सुन्न व्हायला होतं की परत त्या वाटेला जावंसं वाटत नाही. माझ्याबाबतीत दोन्ही झालंय. मी सुरुवातच केली होती 'शोआ'पासून. क्लोद लान्झमान यांची १९८५ ची ज्यूंच्या संहारावरची फिल्म, नऊ तासांहून जास्त लांब, त्यात जुन्या काळचं एकही फुटेज नाही, फक्त जिवंत राहिलेली माणसं, ती गावं, रेल्वेचे रूळ आणि बोलणं. दीड तासात मी बंद केली. दोन वर्षांनी परत लावली, चार दिवसांत तुकडे पाडून बघितली, तेव्हा कुठे ती माझ्यापर्यंत पोचली. मधल्या दोन वर्षांत लहान लहान फिल्म बघत मला जे जमत गेलं ते इथे क्रमाने लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. अशी फिल्म बघताना आपल्यासमोर दोन माणसं असतात, एक कॅमेऱ्यापुढचा आणि एक कॅमेऱ्यामागचा, जो बहुतेक वेळा दिसतच नाही. त्या दोघांचं एकमेकांशी नातं काय आहे, कोण कोणाकडे किती दिवस राहिलंय, कोणी कोणावर विश्वास टाकलाय, हे ओळखायला शिकायचं. ते जमलं की भाषा परकी असली, देश नकाशावर सापडत नसला तरी फिल्म उलगडायला लागते.

पायरी १ : 'माहितीपट' हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा

आपल्या भाषेत शब्दच माहितीपट आहे, त्यामुळे डोक्यात आपोआप असं बसतं की ही फिल्म आपल्याला माहिती देणार, आकडे सांगणार, पाठीमागून एक भारदस्त आवाज येणार आणि शेवटी आपण शहाणे होऊन उठणार. असे माहितीपट असतात, वाईट नसतात, पण मी ज्या फिल्मबद्दल बोलतेय त्या तशा नाहीत. जॉन ग्रिअर्सन यांनी १९२६ मध्ये एका फिल्मबद्दल लिहिताना 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला आणि तिथून तो रुळला, पुढे त्यांनीच तिची व्याख्या केली ती साधारण अशी, की वास्तवाची सर्जक मांडणी. म्हणजे वास्तव आहे, पण कोणीतरी ते मांडलंय. कुठे कॅमेरा लावायचा, काय कापायचं, कुठे थांबायचं हे कोणीतरी ठरवलंय.

दुसरा गोंधळ 'लघुपट' या शब्दाचा. आपण छोटी कथा असलेली शॉर्टफिल्म आणि छोटी डॉक्युमेंटरी दोघींनाही लघुपटच म्हणतो. बघायला दोन्ही बघा, मी तर म्हणेन आलटून पालटून बघा, फक्त आपण काय बघतोय हे आधी माहीत असू द्या, म्हणजे समोर रडणारी बाई नटी आहे की खरोखर तिचंच घर गेलंय हे कळेल. लांबीचं म्हणाल तर ऑस्करच्या नियमात शेवटच्या नावांसकट ४० मिनिटांपर्यंतची ती शॉर्ट, त्यापुढची फीचर. बाकी फेस्टिव्हलांचे आपापले नियम असतात, त्यात अडकू नका.

पायरी २ : पहिली फिल्म दहा मिनिटांची

खरंच दहा. माझ्या मते सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे 'टेन मिनिट्स ओल्डर'. लॅटव्हियाचे हर्ट्झ फ्रँक यांनी १९७८ मध्ये केलेली, कॅमेऱ्यावर युरिस पोडनिएक्स. एका अंधाऱ्या थिएटरात लहान मुलं बाहुल्यांचा खेळ बघतायत आणि कॅमेरा त्यातल्या मुख्यतः एका मुलाच्या चेहऱ्यावर रोखलेला. एकच शॉट, कुठेही कट नाही. स्टेजवर काय चाललंय ते आपल्याला एकदाही दाखवत नाहीत. आधी तो मुलगा नुसता बघतोय, मग त्याचे डोळे मोठे होतात, मग काहीतरी भयंकर घडलं असणार कारण चेहरा असा आवळला जातो की आता रडेल, आणि मग सुटतो, हसू फुटतं, परत भीती. निवेदन नाही, मुलाखत नाही, संगीत आहे फक्त. दहा मिनिटं संपतात तेव्हा त्या पोराने चांगलं वाईट, हरणं जिंकणं सगळं एकदा जगून घेतलेलं असतं आणि आपण ते फक्त त्याच्या गालांवर आणि ओठांवर वाचलेलं असतं. मी हीच फिल्म पहिली सुचवते कारण ती डोळ्यांना सवय लावते, माणसाच्या चेहऱ्याकडे घाई न करता बघायची. पुढच्या प्रत्येक फिल्मला तीच सवय कामाला येते.

हिच्या जोडीला कथा असलेली एक घ्या, अब्बास किआरोस्तामी यांची पहिली शॉर्टफिल्म, 'द ब्रेड अँड अॅली', इराण, १९७०. एक मुलगा पाव घेऊन घरी चाललाय आणि गल्लीत एक कुत्रं वाट अडवून भुंकतंय. एवढीच गोष्ट. संवाद जवळजवळ नाहीतच म्हणून सबटायटलचीही भानगड नाही. मुलगा कोणीतरी मोठं माणूस येईल आणि त्याच्या आडोशाने आपण जाऊ म्हणून वाट बघत उभा राहतो, ते बघा नीट. संघर्ष म्हणजे दर वेळी युद्ध आणि पूरच असला पाहिजे असं नाही, त्या वयाला ते कुत्रं केवढं मोठं असतं.

पायरी ३ : शोधायच्या कुठे

हा प्रश्न सगळ्यांना सगळ्यात अवघड वाटतो आणि खरं तर सगळ्यात सोपा आहे. कॅनडाचं नॅशनल फिल्म बोर्ड १९३९ पासून चालू आहे आणि त्यांच्या वेबसाइटवर हजारो फिल्म फुकट बघता येतात, नवख्या माणसाला एवढं एक ठिकाण वर्षभर पुरेल. न्यूयॉर्क टाइम्सचं ऑप-डॉक्स २०११ पासून छोट्या डॉक्युमेंटरी काढतंय, न्यूयॉर्करच्या आहेत, गार्डियनच्या आहेत, अल जझीराची 'विटनेस' नावाची मालिका आहे, जर्मनीच्या डीडब्ल्यूचं डॉक्युमेंटरी चॅनल आहे, यातलं बरंचसं यूट्यूबवर सरळ मिळतं. फ्रान्स आणि जर्मनीचं मिळून आर्टे आहे, तिथे काही फिल्म सगळ्या देशांत दिसत नाहीत. फार जुन्या, हक्क संपलेल्या फिल्म इंटरनेट आर्काइव्हवर. पैसे भरून बघायचं असेल तर मुबी आहे आणि मोठे प्लॅटफॉर्म आहेतच.

पण नुसतं चॅनल उघडून स्क्रोल करत बसलात तर अर्धा तास त्यातच जातो आणि शेवटी ज्याचं थंबनेल सगळ्यात भडक ते लागतं. त्यापेक्षा उलटीकडून या. अॅमस्टरडॅमचा इडफा, जपानमधला यामागाता, टोरंटोचा हॉट डॉक्स हे डॉक्युमेंटरीचे मोठे फेस्टिव्हल, आणि शॉर्टफिल्मसाठी फ्रान्समधला क्लेरमाँ-फेराँ आणि जर्मनीतला ओबरहाउझन, हा तर १९५४ पासूनचा. यांच्या मागच्या तीनचार वर्षांच्या विजेत्यांच्या याद्या उघडा, ज्या विषयाकडे किंवा देशाकडे मन ओढतंय ती दोनतीन नावं उतरवून घ्या आणि मग ती नावं शोधा. शॉर्टफिल्म सुरुवातीला फेस्टिव्हलांत फिरत असते तेव्हा ऑनलाइन सहसा नसते, फिरून झालं की बरेच दिग्दर्शक स्वतःच व्हिमिओवर किंवा यूट्यूबवर मोकळी करतात, म्हणून या वर्षीची सापडली नाही तर दोन वर्षांमागची शोधा. आणि चोरून टाकलेली कॉपी नको, या फिल्म करणारी माणसं कर्ज काढून, नोकऱ्या सांभाळून त्या करतात, शिवाय अशा कॉपीत सबटायटल हमखास बिघडलेले असतात.

पायरी ४ : सबटायटल, आणि आवाज

डब केलेली आवृत्ती असेल तरी ती टाळा. ज्याचं घर गेलंय त्याच्या आवाजातला थरकाप, शब्द सापडेपर्यंतची ती शांतता, हे सगळं डबिंगमध्ये पुसलं जातं. टीव्हीवरच्या बऱ्याच डॉक्युमेंटरीत मूळ माणूस एक वाक्य बोलतो आणि मग त्याचा आवाज खाली जाऊन वरून भाषांतर सुरू होतं, तेही चालवून घ्यावं लागतं कधीकधी, पण पर्याय असेल तर मूळ आवाज अधिक सबटायटल.

सबटायटल चालू करताना बघून घ्या की ते माणसाने केलेले आहेत की ऑटो-जनरेटेड. ऑटोवाल्यांत गावांची आणि माणसांची नावं वाट्टेल ती होतात आणि म्हणी, गाणी, रडत बोललेली वाक्यं तर पूर्ण हरवतात. वाचायचा वेग सुरुवातीला कमी पडतो, नजर सारखी खालीच राहते, ते सगळ्यांचं होतं. तीनचार फिल्मनंतर नजर आपोआप वर जायला लागते. तोवर स्पीड वाढवू नका, दीडपटीवर बघितलेली शांतता शांतता राहत नाही.

इयरफोन लावा, खोलीत अंधार करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. याहून जास्त तयारी लागत नाही.

पायरी ५ : दोनदा बघा

शॉर्टफिल्मचा हा सगळ्यात मोठा फायदा, वीस मिनिटांची गोष्ट त्याच संध्याकाळी दोनदा बघता येते. पहिल्यांदा मधे न थांबवता, काही न शोधता, कोण कुठला देश कुठलं साल काही न बघता सलग बघा. नाही कळलं काही तरी चालेल. मग पाच दहा मिनिटं तसंच बसा, आणि परत लावा.

दुसऱ्यांदा बघताना मी स्वतःला चार गोष्टी विचारते. कॅमेरा कुठे उभा आहे आणि किती उंचीवर? बोलतंय कोण, आणि कोणाला बोलूच दिलेलं नाही? दिग्दर्शक इथे किती दिवस राहिला असेल? आणि समोरच्या माणसाला कॅमेऱ्याची जाणीव आहे का, असली तर तो लाजतोय, दाखवतोय की विसरून गेलाय?

हे नुसतं सांगून कळणार नाही म्हणून एक फिल्म जवळून बघू. 'द हाउस इज ब्लॅक', इराण, १९६२, साधारण वीसबावीस मिनिटं. फोरूग फर्रुखजाद या कवयित्रीने केलेली, तिने दिग्दर्शित केलेली ही एवढीच फिल्म, पुढे १९६७ मध्ये अपघातात ती गेली तेव्हा जेमतेम ३२ वर्षांची होती. तबरीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत ती आणि तिचे सोबती गेले आणि बारा दिवसांत शूटिंग केलं. विषय ऐकूनच बरेच जण बघायचं टाळतात, मीही टाळली होती.

फिल्ममध्ये दोन आवाज आहेत. एक पुरुषाचा, तो कोरडेपणाने सांगतो की हा रोग असा असा होतो, वेळेवर उपचार केले तर बरा होतो, ही झाली माहिती. दुसरा आवाज फोरूगचा, ती कवितेसारखं, प्रार्थनेसारखं बोलते. दुसऱ्यांदा बघताना हे दोन आवाज वेगवेगळे ऐका, एक रोगाबद्दल बोलतोय आणि दुसरा माणसांच्या वतीने. मग कॅमेऱ्याची उंची बघा. एक बाई केस विंचरतेय, एक डोळ्यांत काजळ घालून घेतेय, मुलं चेंडू खेळतायत, एक लग्नाची वरात आहे, आणि कॅमेरा वरून खाली बघत नाही, त्यांच्यात बसल्यासारखा त्यांच्याच पातळीवर असतो. एक माणूस भिंतीकडेने येरझाऱ्या घालतो, जातो आणि येतो, जातो आणि येतो, आणि मागे फोरूगचा आवाज नुसते वारांची नावं म्हणत राहतो. तिथे माझा श्वास अडकला होता, कारण वसाहतीतली अख्खी वर्षं त्या एका शॉटमध्ये आहेत.

आणि मग शेवटाकडचा शाळेचा प्रसंग. मास्तर एका मुलाला विचारतात, काही सुंदर गोष्टींची नावं सांग. तो सांगतो चंद्र, सूर्य, फुलं, खेळ. दुसऱ्याला विचारतात काही कुरूप गोष्टी सांग, तो म्हणतो हात, पाय, डोकं, आणि वर्ग हसतो. हे हसणं महत्त्वाचं आहे हो, पहिल्यांदा बघताना माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं कारण मी रडत होते. ते हसतायत, आपण रडतोय. मग एकाला फळ्यावर बोलावून 'घर' या शब्दाचं वाक्य लिहायला सांगतात, तो खूप वेळ विचार करतो आणि जे लिहितो तेच फिल्मचं नाव आहे. शूटिंगनंतर त्या वसाहतीतल्या एका मुलाला फोरूगने दत्तक घेतलं. कॅमेऱ्यापुढचा आणि मागचा यांचं नातं मी म्हणत होते ना, ते इतकं लांबपर्यंत जाऊ शकतं.

पायरी ६ : खरं किती आणि रचलेलं किती

थोडी सवय झाली की हा प्रश्न येतोच, आणि यायलाच पाहिजे. १९२२ ची 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' ही पहिली मोठी गाजलेली डॉक्युमेंटरी मानतात, रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी कॅनडाच्या उत्तरेला इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये राहून केलेली. त्यातल्या नॅनूकचं खरं नाव अलाकारिआलाक होतं. बायको म्हणून दाखवलेली बाई त्याची बायको नव्हती. ते लोक तोवर बंदुका वापरायला लागले होते पण फिल्ममध्ये भाल्यांनी शिकार करताना दाखवलेत, आणि इग्लूच्या आत कॅमेऱ्याला उजेड पुरेना म्हणून अर्धाच इग्लू बांधून त्यात कुटुंबाला झोपवलं, उघड्या थंडीत. हे वाचल्यावर पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटतं. पण थांबा, फ्लाहर्टी तिथे खूप काळ राहिले होते, शूट केलेले भाग त्या लोकांना तिथेच दाखवत होते आणि शिकारीचे प्रसंग त्यांच्या मदतीने ठरवत होते. म्हणजे नातं होतं, आणि बनावही होता, दोन्ही एकाच फिल्ममध्ये. मला वाटतं नवख्या माणसाने 'खरी की खोटी' असा निकाल द्यायची घाई न करता रचना कुठे केलीय आणि कोणाच्या सोयीने केलीय हे बघावं.

याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे 'क्रॉनिकल ऑफ अ समर', जाँ रूश आणि एदगार मोरँ, पॅरिस, १९६० च्या उन्हाळ्यात शूट केलेली. रस्त्यावर लोकांना विचारतात, तुम्ही सुखी आहात का? आणि शेवटी ज्यांना शूट केलं त्या सगळ्यांना फिल्म दाखवतात, आणि त्यांची आपसात भांडणं होतात, कोणी म्हणतं हे खोटं वाटतं, कोणी म्हणतं हे फारच उघडंवाघडं झालं, आणि ते भांडणही फिल्ममध्ये ठेवलंय. हलके कॅमेरे आणि सोबत आवाज टिपणारी यंत्रं त्याच सुमाराला आली म्हणून हे शक्य झालं, त्याआधी असं रस्त्यात कोणाशी बोलत शूट करणं फार जिकिरीचं होतं.

याहून पुढे कॅनडात १९६७ मध्ये फोगो बेटावर जे झालं ते मला सगळ्यात आवडतं. मच्छीमारांचं गरीब बेट, लोकांना उठवून दुसरीकडे हलवायचं घाटत होतं. फिल्म बोर्डाचे लोक गेले, बेटावरच्या माणसांशी बोलून सत्तावीसेक छोट्या फिल्म केल्या आणि त्या आधी बेटावरच दाखवल्या, एका वाडीचं म्हणणं दुसऱ्या वाडीला, मग बेटाचं म्हणणं सरकारला. लोकांनी पुढे आपली सहकारी संस्था काढली आणि बेट सोडलं नाही. फिल्म इथे निरोप्याचं काम करत होती.

आणि कॅमेरा कुठल्या बाजूला उभा आहे हे बघायचं असेल तर 'कानेसताके : २७० इयर्स ऑफ रेझिस्टन्स' बघा, १९९३ ची, अॅलानिस ओबोमसाविन यांची, फिल्म बोर्डाच्या साइटवर आहे. १९९० मध्ये कॅनडात गोल्फ कोर्स वाढवायला मोहॉक या आदिवासी लोकांची जमीन, त्यात त्यांची दफनभूमी, घ्यायला निघाले आणि ७८ दिवसांचा वेढा पडला, शेवटी लष्कर आलं. ओबोमसाविन स्वतः आदिवासी अबेनाकी समाजाच्या, त्या काटेरी तारेच्या आत राहिल्या, मोहॉक लोकांबरोबर. त्यामुळे फिल्ममध्ये सैनिक तारेपलीकडून दिसतात. बातम्यांत नेहमी उलटं दिसतं.

पायरी ७ : मोठ्या फिल्मकडे

आठदहा छोट्या झाल्या की तासदीड तासाची घ्या. पहिली मोठी म्हणून 'हनीलँड' घ्या, २०१९, उत्तर मॅसिडोनिया. हातिजे मुरातोवा नावाची बाई, वीज नसलेल्या, ओस पडलेल्या गावात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहते आणि रानमाशांचा मध काढते. तिचा नियम, अर्धा मला अर्धा तुम्हाला, हे ती माश्यांनाच सांगते. मग शेजारी एक मोठं कुटुंब येतं, पोरं, गुरं, गडबड, आणि त्यांना अर्ध्याने भागत नाही. दिग्दर्शक तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव यांनी तीन वर्षं शूटिंग केलं, चारशे तासांच्या वर फुटेज जमलं, आणि यातली गंमत अशी की हातिजे बोलते ती तुर्की बोली दिग्दर्शकांना येतच नव्हती. एडिटिंगची सुरुवात नुसत्या दृश्यांवरून केली, बोलण्याचा अर्थ नंतर लागत गेला. म्हणून एक प्रयोग करा, फिल्म एकदा पूर्ण बघून झाल्यावर आई आणि लेक दिव्याच्या उजेडात बसलेल्या असतात असा कुठलाही एक प्रसंग सबटायटल बंद करून बघा. सगळं कळतं.

त्यानंतर 'हूप ड्रीम्स', १९९४, शिकागोतली दोन मुलं, बास्केटबॉलची स्वप्नं, सुरुवातीला अर्ध्या तासाची फिल्म करायची ठरली होती आणि पाच वर्षं शूटिंग चाललं, फिल्म झाली जवळजवळ तीन तासांची. आणि वेळ या गोष्टीचं अजून मोठं रूप बघायचं तर ब्रिटनची 'अप' मालिका, १९६४ मध्ये सात वर्षांची १४ मुलं घेतली आणि दर सात वर्षांनी त्यांच्याकडे परत गेले, २०१९ पर्यंत, तेव्हा ती ६३ वर्षांची होती. मधे काहींनी नकार दिला, काही परत आले. माणूस दर सात वर्षांनी दारात कॅमेरा उभा राहिलेला बघतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, हेही ती माणसं त्याच फिल्ममध्ये बोलून दाखवतात.

लांब फिल्म तुकड्यांत बघायला काही हरकत नाही, फक्त थांबायचं तर एखादा प्रसंग पूर्ण झाल्यावर थांबा, मध्येच नको.

पायरी ८ : जड फिल्म कशा बघायच्या

हे मनापासून सांगते, सलग दोन युद्धाच्या फिल्म बघू नका. मी एकदा एकाच आठवड्यात 'फॉर समा' आणि '२० डेज इन मारिउपोल' बघितल्या, पहिली सीरियातल्या अलेप्पोची, वाद अल-कातेब या आईने आपल्या लेकीसाठी वेढ्यातल्या दवाखान्यात राहून शूट केलेली, दुसरी युक्रेनची, मस्तिस्लाव चेर्नोव यांची, २०२४ चं ऑस्कर मिळालेली. दोन्ही बघायलाच हव्यात अशा आहेत, पण आठवड्याच्या शेवटी मला काहीच वाटेनासं झालं, आणि ते सुन्न होणं त्या माणसांवर अन्याय करणारं वाटलं मला. आता मी एक जड बघितली की पुढचे काही दिवस दुसरं काहीतरी बघते. झोपायच्या आधी बघत नाही. लहान मुलं, दवाखाना, मृतदेह यातलं काय आहे ते आधी वाचून घेते, त्याने फिल्मची मजा जात नाही, मजेसाठी बघतच नसतो आपण. मध्येच बंद करावीशी वाटली तर करा, परत कधीतरी बघता येते.

काही जड विषय दिग्दर्शक मुद्दाम दुरून दाखवतात, त्यांच्यापासून सुरुवात केलीत तर सोपं जाईल. 'फ्ली', २०२१, डेन्मार्क, एका अफगाण निर्वासिताची गोष्ट जवळजवळ पूर्ण अॅनिमेशनमध्ये आहे कारण त्याला ओळख लपवायची होती, दिग्दर्शक त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि तो मित्राला आडवं पडून डोळे मिटून आठवायला सांगतो. 'द मिसिंग पिक्चर', २०१३, कंबोडिया, दिग्दर्शक रिथी पान्ह यांचं कुटुंब ख्मेर रूज या तिथल्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात गेलं, त्या दिवसांची त्यांच्याजवळ चित्रं नव्हती, म्हणून मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या करून त्यांनी ते गाव उभं केलं. शॉर्टफिल्ममध्ये 'द प्रेझेंट', २०२०, फराह नाबुलसी यांची, २४ मिनिटं, एक पॅलेस्टिनी बाप लेकीला घेऊन बायकोसाठी फ्रिज आणायला जातो आणि मधे चेकपोस्ट आहे. कथा रचलेली, पण सुरुवातीचे शॉट बेथलेहेमच्या खऱ्या चेकपोस्टवर, खऱ्या गर्दीत घेतलेले. शेवटी ती पोरगी काय करते ते मी सांगत नाही.

पायरी ९ : नावं संपेपर्यंत उठू नका

वही ठेवायची असेल तर ठेवा, मी फिल्ममागे चारच ओळी लिहिते, नाव साल देश, एक चेहरा जो लक्षात राहिला, एक आवाज, आणि एक प्रश्न जो सुटला नाही. परीक्षण लिहायला बसलात तर चार फिल्मनंतर वही बंद पडेल. मित्रांना दाखवणार असाल तर आधी भाषण नको, छोटी फिल्म निवडा आणि संपल्यावर लगेच दिवे लावू नका.

कारण शेवटची नावं हा फिल्मचाच भाग असतो. शूटिंगनंतर त्या माणसांचं काय झालं हे बऱ्याचदा तिथेच दोन ओळींत लिहिलेलं असतं, पैसे कोणी दिले तेही तिथेच कळतं, आणि कधीकधी सगळ्यात मोठी गोष्ट तिथेच असते. जोशुआ ओपनहायमर यांची २०१२ ची 'द अॅक्ट ऑफ किलिंग' इंडोनेशियातल्या १९६५-६६ च्या कत्तलींवर आहे, ज्यांनी मारलं ते उजळ माथ्याने कॅमेऱ्यापुढे सगळं करून दाखवतात. फिल्म संपते आणि नावं सुरू होतात, सहदिग्दर्शक, अनामिक. कॅमेऱ्यावरचा माणूस, अनामिक. ड्रायव्हर, अनामिक. मेकअप करणारा, अनामिक. पडद्यावर तो एकच शब्द खालून वर जात राहतो, कारण ती सगळी माणसं अजून त्याच देशात, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहत होती.